रक्तातलं टपाल

मुलांनो, एक कोडं घालते. बघा सुटतं का. असं कोणतं टपाल आहे, ज्यावर पत्ता नाही, तिकीट नाही, आणून द्यायला पोस्टमनही नाही. तरी ते रात्रंदिवस वाटलं जातं आणि ज्याचं त्यालाच मिळतं?

हरलात? अहो, हे टपाल तुमच्या अंगातच चालू आहे! अगदी आत्ता, हे पान वाचतानासुद्धा. तुम्ही सकाळी खाल्लेल्या पोळीचं पुढे काय करायचं, या वर्षी उंची किती वाढवायची, अंगात ऊब किती ठेवायची, असे शेकडो निरोप तुमच्या रक्तातून फिरत आहेत. या निरोपांना म्हणतात हार्मोन्स. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे 'संप्रेरके'.

कुत्रा मागे लागला की तुम्ही पळता. पाय उचलायचा हुकूम मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत जातो. तो झाला टेलिफोन. फोन केला, काम झालं, फोन ठेवला. पण उंची वाढवणं हे काही एका फोनचं काम नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं निरोप जात राहावा लागतो. तिथे टपालच हवं.

हे टपाल तयार होतं ग्रंथींमध्ये. तोंडात लाळ सोडणाऱ्या ग्रंथीही असतात, पण त्यांना नळी असते. लाळ नळीतून थेट तोंडात येते. आपल्या टपालाच्या ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात. म्हणून त्यांना 'अंतःस्रावी ग्रंथी' म्हणतात. 'हार्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०५ साली वापरात आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चालना देणं'. आपला 'संप्रेरक' शब्दही तेच सांगतो, नाही का?

आता तुम्ही विचाराल, "पत्ता नाही, तर निरोप योग्य ठिकाणी पोचतो कसा?" सोपं आहे. चिठ्ठी रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते. पण प्रत्येक पेशीच्या दारावर ठरावीक कुलपं असतात. ज्या कुलपाला ही किल्ली बसते, तेच दार उघडतं. बाकीच्या पेशींपुढून ती नुसती निघून जाते.

इतका चोख कारभार असला तरी टपालात घोटाळे होतातच. ते तीन प्रकारचे. टपाल कमी आलं, टपाल जास्त आलं, किंवा टपाल दारात येऊन पडलं पण दारच उघडेना. हार्मोनचे जे आजार आपण नेहमी ऐकतो, म्हणजे मधुमेह, थायरॉइड वगैरे, ते बहुतेक या तीन घोटाळ्यांत बसतात. एवढं लक्षात ठेवलंत, तर पुढचं सगळं सोपं जाईल.

साखरेची किल्ली

भात खा, भाकरी खा, नाहीतर केळं खा. पोटात गेल्यावर त्यातून साखर तयार होते. तिचं नाव ग्लुकोज. ही साखर रक्तात येते आणि पेशींपर्यंत जाते. ती आपल्या शरीराचं इंधन.

आता एक गणित करू. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं, तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. आपण १०० मिलिग्रॅम धरू. म्हणजे एका लिटरमध्ये किती? बरोबर, एक ग्रॅम. तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर किती झाली? सव्वादोन ग्रॅम! चहाचा अर्धा चमचा! जेवल्यावर ती थोडी वाढते, खेळल्यावर कमी होते, पण शरीर ती फार चढू देत नाही आणि फार उतरूही देत नाही. आहे की नाही कमाल?

ही कमाल करण्यात मोठा वाटा इन्सुलिन या हार्मोनचा. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यात छोटी छोटी बेटं असावीत तसे पेशींचे पुंजके असतात. १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला ते सूक्ष्मदर्शकातून दिसले. म्हणून त्यांना 'लँगरहान्सची बेटे' म्हणतात. या बेटांवरच्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन म्हणजे किल्ली. ती लागली की स्नायूंच्या पेशी दार उघडतात आणि साखर आत घेतात.

किल्लीच नसली तर? बाहेर रक्तात साखरच साखर, आणि आत पेशी उपाशी! धान्याचं कोठार भरलेलं, पण कुलूप उघडत नाही म्हणून घरातली माणसं भुकेली, असा प्रकार. रक्तातली साखर फार वाढली की मूत्रपिंडं तिला लघवीतून बाहेर सोडू लागतात. साखरेबरोबर पाणीही जातं. म्हणून वारंवार लघवी. पाणी गेलं म्हणून सारखी तहान. पेशी उपाशी म्हणून थकवा, आणि खाऊनही वजन उतरतं. बघा, एका किल्लीपायी केवढी साखळी!

अशा लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. लघवी मधासारखी, म्हणून 'मधुमेह'. खूण सापडली होती. पण किल्ली सापडायला फार काळ जावा लागला.

लिओनार्डची गोष्ट

ही गोष्ट आहे कॅनडातल्या टोरांटो शहरातली. लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा १९२१ सालच्या डिसेंबरमध्ये तिथल्या इस्पितळात दाखल झाला. वजन अवघं तीस किलोच्या आसपास. नुसता हाडांचा सापळा. त्या काळी अशा मुलांवर एकच उपाय होता, तो म्हणजे त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणं. त्याने मुलं काही महिने, फार तर एकदोन वर्षं जास्त जगत. डॉक्टरांच्या हातात दुसरं काही नव्हतं.

त्याच शहरात, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण डॉक्टर आणि चार्ल्स बेस्ट हा २२ वर्षांचा विद्यार्थी एका प्रयोगशाळेत खटपट करत होते. प्रयोगशाळा होती प्राध्यापक मॅक्लिऑड यांची. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून तो किल्लीचा रस वेगळा काढायचा, हा त्यांचा ध्यास. मधुमेह झालेल्या कुत्र्यांना तो रस टोचल्यावर त्यांची साखर उतरली. पुढे जेम्स कॉलिप हे रसायनतज्ज्ञही त्यांना येऊन मिळाले.

११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्डला पहिलं इंजेक्शन दिलं. काय झालं असेल? फारसं काही नाही! साखर थोडीशीच उतरली, आणि सुई टोचली ती जागा मात्र सुजली. रस पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी रात्रीचा दिवस करून तो शुद्ध केला. २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. या वेळी साखर भराभर उतरली. लिओनार्डच्या अंगात ताकद आली, चेहऱ्यावर रंग आला. तो त्यानंतर आणखी तेरा वर्षं जगला.

१९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बँटिंगनी आपल्या बक्षिसाची अर्धी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लिऑड यांनी कॉलिपना. आणि या औषधाचे हक्क? ते संशोधकांनी विद्यापीठाला नावापुरत्या एकेका डॉलरला देऊन टाकले! बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. म्हणजे आपला बालदिन. तोच जगभर 'जागतिक मधुमेह दिन' म्हणून पाळला जातो. हा योगायोग मला फार आवडतो.

पूर्वी इन्सुलिन गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ सालापासून जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन औषध म्हणून मिळू लागलं. किल्ली तीच, फक्त कारखाना बदलला.

हा मुलांनाही होतो?

होतो तर! लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो 'टाइप १' मधुमेह, म्हणजे लिओनार्डला झालेला. त्यात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात ना, तेच चुकून स्वादुपिंडातल्या त्या पेशींना शत्रू समजतात आणि मारून टाकतात.

म्हणून तीन गोष्टी पाटीवर लिहून ठेवा. एक, हा आजार गोड खाल्ल्यामुळे होत नाही. दोन, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तीन, तो ना त्या मुलाच्या चुकीने होतो, ना आईच्या. कुणाच्या दृष्टीने होत नाही, कुणाच्या शापानेही होत नाही.

याच्या चार खुणा मुलांनाही ओळखता येतील:

१. सारखी लघवी. रात्री अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा करू लागतं.
२. सारखी तहान. पाण्याची बाटली मधल्या सुट्टीआधीच रिकामी होते.
३. खाऊनही वजन उतरणं. कपडे ढगळ होऊ लागतात.
४. गळून गेल्यासारखा थकवा.

या खुणा दिसल्या तर "उन्हाळा आहे", "जंत झाले असतील" असं म्हणत आठवडे घालवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तातली साखर तपासायला सांगा. बोटातून एक थेंब रक्त घ्यायचं, मिनिटाच्या आत उत्तर. उशीर झाला, तर पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. ही जिवावरची वेळ असते. तेव्हा वाट न पाहता सरळ मोठं इस्पितळ गाठायचं.

तुमच्या बाकावरची मैत्रीण

माझ्या चौथीच्या वर्गात टाइप १ मधुमेह असलेली एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत डबा खाण्याआधी ती इन्सुलिन घ्यायची. पेनासारखं ते उपकरण पाहून वर्गात कुजबुज सुरू झाली. एकाने मला विचारलंच, "बाई, तिच्या डब्यातलं खाल्लं तर मलाही होईल?" मी उत्तर देण्याआधी तीच म्हणाली, "मग माझ्या धाकट्या भावाला कधीच झाला असता. तो रोज माझ्या ताटातलं पळवतो!" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून डबे पुन्हा गोलात मांडले गेले.

अशा मित्रमैत्रिणींना तुम्ही काय मदत करू शकता? एक मदत तर जीव वाचवणारी आहे. इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला, किंवा खेळाच्या तासाला खूप पळापळ झाली, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, खूप भूक लागते, चेहरा पांढरा पडतो. कधी मूल उगाच चिडतं, कधी विचारलेल्याला भलतंच उत्तर देतं. "नाटक करते" असं मुळीच म्हणू नका. लगेच तीन चहाचे चमचे साखर, नाहीतर ग्लुकोज पावडर, पाण्यातून प्यायला द्या. चॉकलेट नको, कारण त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. एकाने बाईंना बोलवायचं, दुसऱ्याने जवळ बसायचं. तिला एकटीला कुठेही पाठवायचं नाही. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. अजून कमी असेल, तर पुन्हा तेवढीच साखर द्यायची. बरं वाटलं, की थोडं बिस्किट-पोळी खायला द्यायची.

आणि मूल बेशुद्ध झालं तर? तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. ठसका लागून श्वास अडकेल. कुशीवर वळवायचं आणि ताबडतोब इस्पितळात न्यायचं.

अशा मुलांनी खेळावं का? जरूर खेळावं! सहलीला जावं, स्पर्धेत धावावं. फक्त खिशात साखर असावी आणि सोबत्यांना माहिती असावी. सीबीएसई मंडळाने २०१७ साली मधुमेह असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली. तेव्हा वर्गात तास चालू असताना कुणी साखर तोंडात टाकली किंवा लघवीला जायला विचारलं, तर आपण हसायचं काय कारण?

दारात टपाल, पण कुलूप गंजलं

तुमच्या आजी-आजोबांना, काका-मावशीला जो मधुमेह असतो, तो बहुतेक 'टाइप २'. हा तिसरा घोटाळा. यात इन्सुलिन तयार होतं, पण पेशींची कुलपं गंजल्यासारखी होतात. एका किल्लीने उघडायचं दार चार किल्ल्या लावल्या तरी उघडत नाही. स्वादुपिंड जादा काम करकरून शेवटी थकतं.

आपल्या देशात असे रुग्ण किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण पोटाभोवतीची चरबी, बसून राहणं आणि सारखं तळलेलं-गोड खाणं हे गंज वाढवतात. या प्रकारात आहार, चालणं आणि गोळ्या यांनी पुष्कळ काम होतं; काहींना पुढे इन्सुलिनही लागतं.

पूर्वी हा मोठ्यांचा आजार समजत. आता तो शाळकरी मुलांतही दिसू लागला आहे. त्याची एक खूण आई रोज पाहते, पण ओळखत नाही. मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो. काखेतही दिसतो. आई म्हणते, "मान नीट धूत जा!" आणि घासून घासून लाल करते. पण तो मळ नसतोच. वजन जास्त असलेल्या मुलाच्या मानेवर असा पट्टा दिसला, तर बहुधा शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं आहे. घासणी ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा. इथे अजून वेळ हातात असते. रोज तासभर मैदानावर खेळणं आणि सरबताच्या बाटल्या बंद करणं, यानेही गंज उतरू लागतो.

गळ्यातलं फुलपाखरू

आता गळ्याला हात लावा. पुढच्या बाजूला, कंठाच्या थोडं खाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक ग्रंथी आहे. हीच थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी. शरीराची चूल किती मोठी ठेवायची, हे ती ठरवते.

तिचं टपाल कमी पडलं, की चूल मंदावते. थंडी वाजते, झोप येते, त्वचा कोरडी पडते, शौचाला साफ होत नाही, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. मुलांची उंची वाढायची थांबते. अभ्यासात मन लागत नाही, आणि घरचे म्हणतात, "आळशी झालाय." टपाल जास्त झालं, की उलट. भूक खूप, तरी वजन कमी. छातीत धडधड, हातांना कंप, घाम, चिडचिड. दोन्हींसाठी रक्ताची साधी तपासणी असते. कमी असेल, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घ्यायची. गोळी म्हणजे बाहेरून टाकलेलं टपालच की!

ही ग्रंथी आपलं हार्मोन आयोडिनपासून बनवते. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब करून पाहा. चार ग्रॅमसुद्धा भरत नाही! पण तेवढंही मिळालं नाही, तर ग्रंथी ओढाताण करून फुगते आणि गलगंड होतो.

हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत आयोडिन कमी. तिथे गावेच्या गावे गलगंडाने त्रासलेली असत. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. आज हा भाग हिमाचल प्रदेशात आहे. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांतल्या लोकांना आयोडिन घातलेलं मीठ, तिसऱ्याला साधं. काही वर्षांनी पाहिलं तर काय, आयोडिनच्या मिठाने त्या दोन भागांत गलगंड खूपच कमी झाला होता! त्यावरूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००६ सालापासून खाण्यासाठी आयोडिनविना मीठ विकायला देशभर बंदी आली. आता सांगा, तुमच्या घरातल्या मिठाच्या पुडीवर काय लिहिलं आहे? वाचलंत कधी? आणि मिठाची बरणी उघडी ठेवू नका. दमट हवेने आयोडिन उडून जातं.

आपल्याकडे आता आयोडिनयुक्त मीठ असूनही थायरॉइडचा त्रास होतो, तो का? बऱ्याचदा इथेही ते चुकार पहारेकरीच ग्रंथीवर हल्ला करतात. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. हा त्रास मुलींना आणि बायकांना जास्त होतो.

सगळ्यांत जपायचं ते तान्ह्या बाळाला. काही बाळं जन्मतःच ही ग्रंथी नीट नसलेली असतात. दिसायला बाळ छान, पण टपाल नाही आणि मेंदूची वाढ तर याच दिवसांत व्हायची असते. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून काही थेंब रक्त घेऊन तपासलं आणि दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू केली, तर बाळ इतरांसारखंच हुशार होतं. उशीर झाला, तर मागे पडलेलं भरून येत नाही. तुमच्या घरी, शेजारी बाळ येणार असेल, तर "टाचेची तपासणी करणार ना?" एवढं मावशीला नक्की विचारा.

भिंतीवरची रेघ

हे करून पाहा. वाढदिवसाला अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून उभे राहा. डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झाली नाही, तर डॉक्टरांना विचारायला हवं. कारण थायरॉइड असेल, खाणं कमी असेल, किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीतून वाढीचं हार्मोन कमी येत असेल. योग्य वयात उपचार झाले, तर उंची वाढते. हाडांची वाढ थांबल्यावर मात्र औषधाचाही उपयोग नाही, जाहिरातीतल्या पावडरीचा तर नाहीच नाही. आणि बरं का, वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं!

आई-बाबांसाठी चार ओळी

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन एक दिवसही बंद करून चालत नाही. "सुया बंद, कायमचा बरा करतो" असं सांगणारे भेटतात. कोणत्याही चूर्णाने, काढ्याने, कारल्याच्या रसाने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. असा सल्ला ऐकून इन्सुलिन थांबवलेली मुलं काही दिवसांत अत्यवस्थ होतात. इन्सुलिनचा साठा फ्रीजमध्ये ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल, तर दोन मडकी एकात एक ठेवून मध्ये ओली वाळू भरतात, त्यातही ते गार राहतं.

वयात आलेल्या मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षं पुढेमागे होते. पण तीन-तीन महिने आलीच नाही, चेहऱ्यावर राठ केस, खूप मुरमं, वजन वाढणं असं दिसलं, तर 'पीसीओएस' नावाचा हार्मोनचाच त्रास असू शकतो. लाजेने लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि शाळेपासून आजार दडवू नका. "कळलं तर मुलीचं लग्न जमणार नाही" म्हणून गप्प बसणारे पालक मी पाहिले आहेत. वर्गशिक्षिकेला ठाऊक नसेल, तर साखर घसरल्यावर ती काय करणार? एक कागद लिहून द्या. त्यात औषध कोणतं, खुणा कोणत्या, साखर कुठे ठेवली आहे आणि फोन कुणाला करायचा, एवढं असू द्या.

सांगा पाहू!

१. हार्मोनच्या ग्रंथी आणि लाळेच्या ग्रंथी यांत फरक काय?
२. टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होतो का?
३. साखर घसरलेल्या, शुद्धीवर असलेल्या मित्राला आधी काय द्याल?
४. कांगडा खोऱ्यातल्या दोन भागांना काय मिळालं, जे तिसऱ्याला मिळालं नाही?

उत्तरं लेखातच आहेत. शोधा आणि घरच्यांना विचारून त्यांचीही परीक्षा घ्या. आणि उद्या शाळेत गेल्यावर बाईंना एक गोष्ट सुचवा. वर्गाच्या कपाटात एका घट्ट झाकणाच्या डबीत साखर ठेवायची आणि वर ठळक अक्षरांत लिहायचं, 'साखर घसरली तर'. कुणी सांगावं, एखाद्या दिवशी तीच डबी तुमच्या शेजारच्या बाकावर लागेल.